झऱ्यापासून टाकीपर्यंत: आमच्या वाडीच्या पाण्याच्या लाईनच्या कामाच्या नोंदी (फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२५)

वाडी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. घरं २६, त्यातली ९ वर्षभर कुलूपबंद. कायम राहणारी माणसं पन्नासच्या आत, बहुतेक साठीच्या पुढची. पाऊस मोजून थकावं एवढा, आणि शिवरात्र झाली की विहीर तळाला. ग्रामपंचायतीची टाकी खालच्या वाडीत आहे, आम्ही तिच्यापेक्षा उंचावर, त्यामुळे ते पाणी आमच्याकडे चढत नाही. वर डोंगरात एक बारमाही झरा आहे. तिथून विजेशिवाय, नुसत्या उतारावर पाणी आणायचं ठरलं. आजूबाजूच्या दोन-तीन वाड्या हेच करायच्या विचारात आहेत आणि फोन करून तेच ते विचारतात, म्हणून वहीतल्या नोंदी नीट लिहून काढल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

देवळात बैठक. मुंबई मंडळाचे (मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाचे) दोघे आले होते. वर्गणी घरटी २,००० रुपये, उरलेलं मंडळ बघेल. श्रमदान दर रविवारी, घरटी एक माणूस. खाडा झाला तर ३०० रुपये.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग कुणीतरी म्हणालं, माणूस म्हणजे पुरुष माणूस, बाई आली तरी त्या घराचा खाडाच धरायचा. उघड्या १७ घरांपैकी ६ घरांत पुरुष माणूसच नाही. एका काकींनी सरळ विचारलं, "हंडे कोण वाहतं ते सांगा आधी, मग माणूस कोण ते ठरवू." बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी गावकरांनी (वाडीच्या प्रमुखांनी) वहीत 'माणूस' एवढंच लिहायला लावलं. एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या आजींना खाडा माफ.

ही चर्चा पहिल्याच बैठकीत होऊन जाऊ दे. नंतर काम चालू असताना ती निघाली की काम थांबतं.

९ फेब्रुवारी

झरा मोजला. उमाळ्यासमोर (जमिनीतून पाणी वर येतं त्या जागेसमोर) मातीचा छोटा बांध घालून त्यात पाईपचा तुकडा बसवला, खाली १५ लिटरची बादली, हातात मोबाईलचं घड्याळ. बादली ५० सेकंदांत भरते. म्हणजे दिवसाला २६ हजार लिटरच्या आसपास. सगळे खूश. वाटेत गोवऱ्या थापत बसलेली धनगरवाड्यातली आजी म्हणाली, "आत्ता काय मोजताय, वैशाखात या."

तिचं ऐकलं असतं तर एक वर्ष थांबावं लागलं असतं, पण आकडा तरी खरा मिळाला असता. एप्रिलच्या शेवटी तीच बादली भरायला १ मिनिट ५० सेकंद लागली. दिवसाला पावणेबारा हजार लिटर, फेब्रुवारीच्या निम्म्याहून कमी. तुमचा झरा मोजायचा असेल तर अक्षयतृतीयेच्या सुमाराला मोजा आणि त्याच आकड्यावर हिशेब बांधा.

हिशेब असा. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटरचं आहे. पन्नास माणसांना पावणेतीन हजार लिटर पुरे. पण मे महिन्यात आणि गणपतीत वाडीत दोनशे माणसं असतात, तेव्हा ११ हजार लागतात. म्हणजे वैशाखात झऱ्याचं जवळजवळ सगळं पाणी, तेही रात्रीचं साठवून. वाडीत जुन्या योजनेची १० हजार लिटरची सिमेंटची टाकी पडून आहे. ती डागडुजी करून वापरायची.

१० ते १५ फेब्रुवारी

उंचीची मापं. मोबाईलच्या ॲपवर अजिबात विसंबू नका. एकाच दगडावर उभं राहून त्याने एकदा ४० मीटरचा फरक दाखवला, एकदा ९० चा. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, दोन बांबूंवर फुटाच्या खुणा केल्या आणि टप्प्याटप्प्याने खाली आलो. कंटाळवाणं काम आहे, झुडपात नळी अडकते, आत बुडबुडा राहिला की माप चुकतं (नळीला टिचक्या मारत राहायचं). पण आकडे मिळाले ते पक्के.

झऱ्यापासून टाकी ६२ मीटर खाली. अंतर वाकड्या वाटेने १,४०० मीटर. झऱ्यापासून पहिले ३०० मीटर जवळजवळ सपाट, मग खिंड, आणि ती खिंड झऱ्यापेक्षा जेमतेम ४ मीटर खाली. तिथून ७५० मीटर उतार थेट पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. पऱ्या झऱ्याच्या ७५ मीटर खाली. मग ३५० मीटर पुन्हा चढ, वाडीच्या टाकीपर्यंत.

हे आकडे वहीत असूनही खिंड आणि पऱ्या या दोन जागांनी काय करून ठेवायचं ते केलंच. पुढे येईल.

१६ फेब्रुवारी

परवानग्या. झरा ज्या जमिनीत आहे तिच्या सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत. जी हयात आहेत त्यांची लेखी संमती घेतली, ग्रामसभेचा ठराव घेतला. लाईन कुणाकुणाच्या बांधावरून जाते त्या प्रत्येकाला घरी जाऊन विचारलं. फोनवर 'हो' म्हणणारा माणूस शिमग्याला आल्यावर 'नाही' म्हणू शकतो.

खरा मालक मात्र धनगरवाडा. कागदावर नाही, वापरावर. त्यांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या झऱ्यावर पाणी पितात. त्यांची अट साधी होती: गुरांसाठी सिमेंटची डोणी बांधून द्या, आणि आधी डोणी भरेल मग तुमचा पाईप. मुंबईच्या एकाला हे पटलं नाही, त्याचं म्हणणं आपण पैसे घालतोय. गावकर म्हणाले, वणव्याच्या दिवसांत रात्री वर लाईन कोण राखणार आहे? तू? विषय संपला. डोणी आधी बांधली.

२३ ते २६ फेब्रुवारी

झऱ्याची पेटी. सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

काळा दगड जागेवरच होता. वाळू, सिमेंट आणि पाणी गाळायची खडी डोक्यावरून वर नेली. बायकांची रांग लावली, पाटी हातोहात पुढे. पुरुष मंडळी गोणी खांद्यावर घेऊन एकेकटे चढत होती आणि दर वळणावर बसत होती. रांगेचं काम दुप्पट वेगाने झालं, हे कुणी मोठ्याने बोललं नाही.

गवंड्याने उमाळ्याभोवती ४ फूट बाय ४ फूट पेटी बांधली, भिंती कंबरेएवढ्या. पाण्याचा साठा जास्त व्हावा म्हणून पाईपचं तोंड आणि जादा पाण्याचं तोंड दोन्ही उंच ठेवली. पेटी भरली, पाणी उमाळ्याच्या वर हातभर चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पेटीतून वाहणारं पाणी निम्म्यावर, आणि दहा फुटांवर उजवीकडे, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे गवत ओलं.

झऱ्यावर पाण्याचं ओझं टाकलं की तो दुसरी वाट शोधतो. जमिनीतून येणाऱ्या पाण्याला फारसा जोर नसतो, वर हातभर पाणी उभं राहिलं तरी त्याला ते जड होतं. आमच्या वाडीतल्या एका तात्यांनी सत्तरच्या दशकात विहिरी खोदल्या आहेत. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: उमाळा कायम उघडा दिसला पाहिजे. नवी भिंत एका बाजूने फोडली, दोन्ही तोंडं उमाळ्याच्या चार बोटं खाली घेतली. उजवीकडचं गवत आठवड्याने सुकलं, पाणी परत पेटीत आलं. सगळ्यांचंच येतं असं नाही. खालच्या अंगाच्या एका वाडीत झरा मोठा करायला कुदळ जोरात चालवली आणि पाणी कातळाच्या फटीत गेलं ते गेलंच, असं तात्या सांगतात. साठा हवा असेल तर पेटीच्या खाली वेगळी टाकी बांधा. उमाळ्याशी खेळू नका.

पाईपच्या तोंडाला आधी मच्छरदाणीची जाळी बांधली होती. दोन दिवसांत शेवाळाने बुजली, वर एक खेकडा येऊन बसला. आता ३ इंची पाईपचा दोन फूट तुकडा, टोकाला टोपी, अंगभर ड्रिलने भोकं, आणि तो तळापासून वीतभर वर. गाळ खाली बसतो, पानं वर तरंगतात, मधलं पाणी आत जातं. पेटीवर फरशीचं झाकण.

२ मार्च

देवरुखहून पाईप आणला. ३२ मिलिमीटरचा काळा एचडीपीई (प्लास्टिकचा), शंभर मीटरची गुंडाळी, १५ गुंडाळ्या. ४ किलो दाबाचा मीटरला ३६ रुपये, ८ किलोचा ६४. मंडळाने सगळा ४ किलोचाच घेतला. दाबाचा हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीला साधारण १ किलो. पऱ्यात ७५ मीटर, म्हणजे साडेसात किलो. हे कागदावर मांडून दाखवलं होतं. "पाणी वाहतं असताना एवढा दाब येतच नाही," असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे. पाणी वाहतं असताना.

छोटा हत्ती टेम्पो रस्त्याच्या टोकापर्यंतच येतो. पुढे गुंडाळीत बांबू घालून दोघांनी खांद्यावर न्यायची.

९ मार्च

जोडणी. वाडीत वीज आहे, डोंगरात नाही, त्यामुळे वेल्डिंगची हिटर प्लेट वर चालत नाही. मुंबईत प्लंबरकडे काम केलेल्या एका मुलाने गॅसची छोटी शेगडी आणि निर्लेप तवा नेला. पाईपची दोन्ही तोंडं तव्यावर मऊ करून एकमेकांवर दाबायची. दिसायला सांधे झकास. हाताने वाकवून बघितले तर तीनातला एक उघडत होता. वाऱ्याने तवा एका बाजूने गार होतो, त्या बाजूचं प्लास्टिक नीट वितळतच नाही.

आणि समजा सांधे पक्के झाले असते, तरी ऑगस्टमध्ये लाईन तुटली तर तवा घेऊन वर कोण जाणार? तो मुलगा तेव्हा घाटकोपरला असेल. म्हणून सगळे सांधे कॉम्प्रेशन फिटिंगचे केले. एक सांधा ९० रुपयांना पडतो, पण हाताने पिळून बसतो आणि हाताने सुटतो. फक्त पाईपचं टोक सरळ कापायचं, कडा तासायची, आतल्या रबराला माती लागू द्यायची नाही, आणि पाईप आत ठेपेपर्यंत दाबायचा. पाईपवर आधी खडूने खूण केली म्हणजे पुरेसा आत गेला की नाही ते कळतं.

त्याच रविवारी चार बायकांना सांधा सोडायला-जोडायला शिकवला. त्यातल्या दोघींचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला.

१३ मार्च आणि पुढे

शिमगा. चाकरमानी येतील, तीस-चाळीस हात मिळतील, आठवड्यात लाईन टाकून होईल, असा बेत होता. असा बेत कुणी करू नका. पालखी घरोघर फिरते, पोरं रात्रभर नाचतात, सकाळी झोपतात. काम शून्य. एक गोष्ट मात्र साधली: पालखी यायच्या आधी रस्त्याच्या तोंडाशी पडलेल्या गुंडाळ्या उचलायला लागणारच होत्या, म्हणून गावकरांनी फर्मान काढलं आणि पोरांनी एका सकाळीत सगळ्या वर नेऊन टाकल्या. देवाच्या वाटेत पाईप आडवा नको, या एका कारणावर जे झालं ते तीनशे रुपयांच्या खाड्यावर झालं नसतं.

२३ मार्च

वणवा. कुणी लावला ते कळलं नाही, कळणारही नाही. खिंडीच्या अलीकडे सुक्या गवतावर नुसताच टाकलेला ६० मीटर पाईप वितळून गेला. धनगरवाड्यातली माणसं रात्रीच ओल्या टहाळ्या घेऊन धावली म्हणून तेवढ्यावर भागलं. आम्हाला सकाळी कळलं.

त्यानंतरचे श्रमदानाचे दिवस चर खोदण्यात गेले. माती आहे तिथे हातभर खोल पुरला. कातळावर खोदता येत नाही, तिथे पाईपवर दगडांची ओळ रचली आणि दोन्ही बाजूंचं गवत तीन-तीन फूट कापून जाळपट्टा केला. पुरल्याने दुसराही फायदा झाला. उघडा पाईप उन्हात तापून लांब होतो, रात्री आखडतो आणि सांध्यातून निसटतो. शिवाय साळिंदर. उघड्या पाईपवर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. गव्यांची वाट लाईनला जिथे आडवी जाते तिथे मात्र नुसती माती पुरत नाही, पाय रुततो. त्या दोन जागी जुन्या लोखंडी पाईपच्या आतून लाईन घेतली.

३० मार्च, पाडवा

मुहूर्तावर पाणी सोडलं. टाकीपाशी बायका हळदकुंकू, नारळ घेऊन उभ्या. पाईपातून आधी वारा आला, मग खाकरल्यासारखा आवाज, मग तांब्याभर गढूळ पाणी, आणि बंद. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. नारळ तसाच घरी गेला.

खिंडीत हवा अडकली होती. पाईप तिथे चढून परत उतरतो, त्या कमानीत हवा जमते आणि झऱ्याकडून मागचा जोर फक्त ४ मीटरचा. तो हवेला पुढे ढकलायला पुरत नाही. खालून तोंडाने ओढून बघा, पाईप हलवून बघा, सगळे सल्ले वापरून झाले. एकदा सांधा सोडून हवा काढली की पाणी सुरू व्हायचं, झऱ्याचं पाणी जरा कमी झालं की पाईप पेटीतून पुन्हा हवा गिळायचा आणि पुन्हा तेच.

६ एप्रिल, रामनवमी

खिंडीच्या सगळ्यात उंच जागी टी (तीन तोंडांचा सांधा) बसवला आणि त्यातून एक उभी नळी वर काढली, शेजारच्या ऐनाच्या झाडाला बांधून, १८ फूट. झऱ्याच्या पातळीच्या वर तिचं तोंड गेलं पाहिजे, नाहीतर खालून पाणी अडलं की तिथूनच कारंजं उडेल. तोंड खाली वाकवलं, जाळी बांधली, नाहीतर गांधीलमाशा घर करतात. हवा आपोआप बाहेर जाते, हवी तेव्हा आत येते.

यात पाणी थोडं घटतं. नळी नसताना खिंडीपलीकडचा मोठा उतार अलीकडचं पाणी ओढून घेत होता, ती ओढ आता गेली. टाकीवर १५ लिटरला साधारण एक मिनिट. पण दिवसरात्र, न थांबता. दुपारी दोनच्या सुमाराला टाकीत धार पडली. ह्या वेळी नारळ कुणी आणला नव्हता.

९ एप्रिल

टाकी भरून वाहायला लागली, तेव्हा पाणी वाया नको म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने टाकीवरचा कॉक बंद केला. रात्रीतून पऱ्यातला पाईप फाटला, वीतभर उभी चीर, आणि अलीकडचे दोन सांधे सुटले. साडेसात किलो.

कॉक काढून टाकला. आता पाईप टाकीच्या काठावरून मोकळा पडतो, बंद करायला काही ठेवलंच नाही. टाकी भरली की जादा पाणी नळीने खालच्या माडांना. लाईन बंद करायची तर वर, पेटीपाशी. तिथल्या कॉकच्या लगेच पुढे हवेसाठी छोटी उभी नळी आहे, म्हणजे पाईप रिकामा होताना आतून ओढला जाऊन चपटा होत नाही. पऱ्याच्या दोन्ही अंगांना मिळून २०० मीटर ८ किलोचा पाईप टाकला. तिथे नुसता पाण्याचा दाब नाही, पावसात दगडही आपटतात. काढलेला ४ किलोचा पाईप वणव्याच्या जागी आणि डोणीच्या फाट्याला कामी आला.

ह्या एका कॉकने १२,८०० रुपये नेले. तेच मार्चमध्ये घातले असते तर निदान दुसरी खेप आणि अर्धा आठवडा वाचला असता.

४ मे

वाडी भरली. घरोघर नळ द्यायचे नाहीत असं फेब्रुवारीत ठरलं होतं, तीन ठिकाणी सामाईक नळ. आता मुंबईकरांपैकी तिघांनी स्वखर्चाने घरात लाईन मागितली. पैसे ते देणार, मग हरकत काय? हरकत अशी की टाकीच्या जवळचं, खालच्या अंगाचं घर नळ उघडा टाकेल आणि वरच्या टोकाच्या आजींना थेंब मिळणार नाही. झऱ्याचं पाणी या महिन्यात पावणेबारा हजार, माणसं दोनशे. जोरात भांडण झालं. एका गाडी धुणाऱ्याला एका काकीने नळावरून उठवलं, त्याने रागाने वर्गणी परत मागितली.

ठरलं ते असं: सकाळी ६ ते ८, संध्याकाळी ५ ते ६. नळाची किल्ली कायम राहणाऱ्याच माणसाकडे, सुट्टीला आलेल्याकडे नाही. गाडी, फरशी, बांधकाम यांना विहीर. घरात नळ नाही, कुणालाच नाही. मला स्वतःला ही शेवटची अट कडक वाटते. वरच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांना तरी घरापर्यंत पाणी द्यायला हवं होतं. बहुमत उलट होतं.

२० ते २६ मे

पऱ्यावरून लाईन तारेवर टांगायचं काम मृगाच्या आधी उरकायचं होतं. मृग जूनच्या सातला-आठला. म्हणून ते शेवटच्या रविवारी ठेवलं होतं. पण २० तारखेपासूनच पाऊस लागला तो उघडलाच नाही, आणि २५ ला मान्सून कोकणात आल्याचं जाहीरच झालं. आंबा झाडावर, लाकडं अंगणात, कौलं चाळायची बाकी. प्रत्येकजण आपापल्या घरामागे धावला, लाईनकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती, आणि त्यात चूक काही नाही.

पऱ्याला लोंढा आला आणि दगडांवर टाकलेला पाईप घेऊन गेला. दोन वळणं खाली करंजाच्या मुळांत अडकलेला सापडला. ८ किलोचा होता म्हणून शाबूत, सांधे तेवढे गेले.

८ जून

उघडीप मिळाली. पऱ्याच्या दोन काठांवरच्या जाड झाडांना तारेचा दोर ताणला, बुंध्याला आधी जुन्या टायरचे तुकडे गुंडाळून, नाहीतर तार सालीत रुतते. पाईप दोराला दर दोन हातांवर बांधला. लोंढ्याची खूण काठावर दिसत होतीच, तिच्यापेक्षा पुरुषभर वर. हे काम सात-आठ माणसांचं, अर्ध्या दिवसाचं. मार्चमध्ये केलं असतं तर कोरड्या पऱ्यात उभं राहून झालं असतं.

१३ जुलै

पावसात झऱ्याचं पाणी गढूळ येतं. पेटीच्या वरच्या अंगाला चर काढून डोंगरावरून वाहत येणारं पाणी बाजूला वळवलं, त्याने पुष्कळ फरक पडला. हा चर बांधकामाच्या वेळीच काढा. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकीत टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून शिकून घेतलं, पाण्याचा नमुनाही त्याच्याचमार्फत तपासणीला दिला. झरा डोंगरातला असला तरी वर म्हशी आहेत. उकळून प्या, असं फळ्यावर लिहिलंय.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आदल्या संध्याकाळी पाणी बंद. वाडीत दीड-दोनशे माणसं, घरोघर मोदकांची तयारी. मुंबईहून आलेल्या पोरांनी टॉर्च घेऊन निघायची तयारी केली, पण लाईन कुठून जाते तेच त्यांना माहीत नव्हतं, गवत डोक्याएवढं. मार्चमध्ये शिकलेल्या दोन काकी सकाळी विळा आणि दोन जादा सांधे घेऊन वर गेल्या. फांदी पडून खिंडीतला टी मोडला होता. टी नव्हता, म्हणून साधा सांधा घालून लाईन चालू केली आणि साडेनऊला खाली आल्या, घरी नैवेद्याचं बाकी होतं. उभी नळी नसल्याने हवा धरणार हे त्यांनी येतायेताच सांगितलं. पावसात झरा भरपूर असल्याने आठवडाभर निभावलं, गौरीगणपती गेल्यावर टी बसवला.

तेव्हापासून लाईनच्या वाटेवर दर पन्नास पावलांवर दगडाला पांढरा रंग मारून ठेवलाय, आणि पेटीपाशी डब्यात दोन सांधे, एक टी, खडू, छोटी करवत.

१४ सप्टेंबर: खर्च

पाईप ४ किलोचा, १,५०० मीटर: ५४,००० रुपये. ८ किलोचा, २०० मीटर: १२,८००. सांधे, टी, कॉक: ४,६००. सिमेंट १४ गोणी: ५,४६०. वाळू, खडी आणि वाहतूक: ९,३००. तारेचा दोर आणि क्लॅम्प: ३,९००. गवंडी: ७,२००. चहा, गॅस, झेरॉक्स, किरकोळ: २,१४०. एकूण ९९,४००.

जमा: २३ घरांची वर्गणी ४६,०००, मुंबई मंडळ ४८,०००, खाडे ३,६००. एकूण ९७,६००. दुकानदाराचे १,८०० देणं आहे. तीन घरांची वर्गणी आली की फिटतील. त्यातलं एक घर गाडीवाल्याचं.

देखभालीला घरटी महिना ३० रुपये ठरले आहेत. लाईनवर जाणाऱ्या दोघींना त्यातून फेरीला २०० रुपये द्यायचे, की ते श्रमदानातच धरायचं, यावर अजून एकमत नाही. माझं मत द्यायचे. पुढची बैठक दसऱ्यानंतर. तोवर टाकीची आतली भेग भरायची आहे आणि डोणीच्या फाट्याला कॉक बसवायचा आहे. धनगरवाड्याचा निरोप आलाय की आधीचा गळतो.